डॅन्यूबच्या दोन ओळी

आर्णी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

नागोराव काका,

जय भीम. फोन तुम्ही घेत नाही. अर्पिताताई घेतात आणि म्हणतात, बाबा झोपले आहेत. सकाळी अकराला लावला तरी झोपलेले, दुपारी चारला लावला तरी झोपलेले. आर्णीत पहाटे पाचला उठून रंग कालवणारा माणूस लेकीकडे पांढरकवड्याला गेला आणि कुंभकर्ण झाला, हे मला पटत नाही. म्हणून पत्र लिहिते. पत्र उशाशी पडून राहतं, कधीतरी डोळा उघडला की वाचावंच लागतं.

मी इंदूबाईची ममता, रवीची थोरली बहीण. विहारात पाळीने झाडायला यायचे ती. आता तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसते. ओळख देण्याची गरज नाही हे माहीत आहे, पण तीन वर्षं झाली, म्हणून दिली.

विहारातला तुमचा फळा अजून भिंतीवर आहे, रिकामा. मध्ये कुणीतरी त्यावर 'चपला बाहेर काढाव्या' असं खडूने लिहून ठेवलं होतं. ज्या फळ्यावर मेरी क्युरी बसल्या, तिथे चपला. मी ते त्याच दिवशी पुसलं.

दुकानात पोलीस भरतीचे फॉर्म भरायला पोरं-पोरी येतात. यंदा आपल्या वस्तीतलीच चौदा आहेत. जी थोडी मोठी आहेत ती विचारतात, ताई, ते पेंटरबाबा फळा लिहायचे ते आता कुठे असतात? धाकट्यांना मी सांगते. जगातल्या सगळ्या नद्या त्यांच्या मोबाईलमध्ये आहेत, लांबीसकट, उगमासकट. पण त्या मोबाईलमध्ये नदीला माणूस नाही आणि माणसाला नदी नाही. ती जोडी तुम्हीच लावायचात.

तोंडावर कौतुक केलं की तुम्ही रंगाचा डबा उघडून त्यात काडी फिरवत बसायचात, म्हणून आता कागदावर करते. सातवी शिकलेला माणूस. दिवसभर किराणा दुकानांच्या पाट्या रंगवायच्या, मोटारसायकलींचे नंबर घालायचे. पण त्याआधी सकाळी सहाला विहारात यायचं, वही उघडायची आणि फळा लिहायचा. वर 'आजची नदी', खाली 'आजची व्यक्ती'. आणि नियम असा कडक, की ज्या माणसाची नदी सापडत नाही तो फळ्यावर येणार नाही, मग तो कितीही मोठा असो. "त्यानं लहानपणी पाणी कोठचं पेलं, थे आधी सांगा," असं म्हणायचात. मंडेला अकरा दिवस तुमच्या दारात ताटकळले होते. बाराव्या दिवशी तुम्ही यवतमाळच्या वाचनालयातून म्बाशे नावाची नदी घेऊन आलात. त्या सकाळी तुमचा चेहरा असा होता की ती नदी जशी काही तुम्हीच खोदून आलात.

आणि जगातल्या नद्यांमध्ये पहिला नंबर कुणाला दिला होतात? आपल्या अरुणावतीला. उगम, लांबी, पैनगंगेला मिळते, सगळं रीतसर. पोरं हसली. म्हणाली, काका, ही काय जगातली नदी आहे? तुम्ही विचारलंत, मग ही जगाच्या बाहेरून वाहते का? नाईल मोठी की ॲमेझॉन, यावर पोरांची हाणामारी व्हायची तेव्हा तुम्ही फळ्यावर सरळ लिहून टाकलंत: 'बहुतेक पुस्तके नाईल म्हणतात. भांडण चालू आहे.'

बाबासाहेबांच्या वेळी समितीत वाद झाला. कुणी म्हणालं हडसन लिहा, न्यूयॉर्कला शिकले. कुणी म्हणालं थेम्स. तुम्ही कुणाशी वाद घातला नाही. सकाळी फळ्यावर होतं: 'नदी: महाडची सावित्री. पण पाणी: चवदार तळ्याचे.' समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव, जे जन्मात कुणाला बरं म्हणत नाहीत, ते फळ्यासमोर हात जोडून उभे राहिले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मेरी क्युरींच्या नावापुढे तुम्ही दोन नद्या लिहिल्या होत्या. वॉर्साची व्हिस्टुला, माहेरची. पॅरिसची सीन, सासरची. मी तेव्हा नुकतीच सासर सोडून रवीच्या घरी आले होते. वस्तीत कुजबुज होती. त्या फळ्याखाली झाडू हातात घेऊन मी बराच वेळ उभी राहिले. तुम्ही खडूचा हात झटकत माझ्याजवळून गेलात आणि जाता जाता म्हणालात, "नोबेल दोन्ही सासरी भेटले तिले. पण मूलद्रव्य सापडलं तं नाव माहेराचं देल्लं." मग मला पोलोनियम समजावून सांगितलंत. घरी येऊन मी खूप रडले आणि मग पोटभर जेवले. आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले.

म्हणून सांगते, परत या. लेखी परीक्षा फेब्रुवारीत होईल म्हणतात. ही चौदा पोरं तुमची वाट पाहतात, आणि मी त्यांच्याहून जास्त पाहते.

रवीचं जे झालं ते झालं. तुमच्या फळ्यावर डॅन्यूब कॅस्पियन समुद्राला मिळते असं होतं. ती मिळते काळ्या समुद्राला. भरतीच्या परीक्षेत नेमकं तेच आलं आणि रवी एका मार्काने राहिला. पण चूक कुणाच्या हातून होत नाही?

अजून एक गोष्ट लिहायची होती. कागदावर जागा उरली नाही. खरं म्हणजे जागा आहे, पाठची बाजू सगळी कोरी आहे. हिंमत नाही.

तुमची
ममता


आर्णी
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

नागोराव काका,

जय भीम. दोन आठवडे झाले, उत्तर नाही. बरंच झालं. उत्तर आलं असतं तर मी गोड गोड लिहीत राहिले असते आणि मूळ गोष्ट टाळली असती.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तुमच्या फळ्यावर तसं होतं. फळा तुमचा होता. पण त्या दोन ओळी तुम्ही लिहिलेल्या नव्हत्या. मी लिहिल्या होत्या.

आता सगळं सांगते, मध्ये थांबणार नाही. त्या सकाळी पाळी माझी होती. तुम्ही फळा लिहून चहाला टपरीवर गेला होतात. त्या दिवशीची व्यक्ती होती सेमेलवाइस, डॉक्टरांनी हात धुवावे म्हणून जन्मभर ओरडणारा आणि सगळ्यांची बोलणी खाणारा. आताच्या बुडापेस्टमधल्या बुडाचा जन्म, व्हिएन्नात नोकरी, दोन्ही गावं डॅन्यूबच्या काठची. खाली तुम्ही तुलनेसाठी व्होल्गा दिली होती: युरोपात सगळ्यांत लांब व्होल्गा, तिच्या खालोखाल डॅन्यूब, आणि कोणती कोणत्या समुद्राला मिळते ते. फळ्याच्या चौकटीवर कोळ्याचं जाळं होतं. मी ओल्या फडक्याने ते काढायला गेले आणि फडक्याचं टोक खालच्या दोन ओळींवरून फिरलं. पाहते तर पांढरा चिखल.

टपरी किती लांब होती, काका? वीस-तीस पावलं. हाक मारली असती तर तुम्ही चहाचा कप तसाच हातात घेऊन आला असतात. पण हंसाबाई आणि मानीबाई तिथेच सतरंज्या झटकत होत्या. आधीच मी त्यांच्या तोंडी होते, नवऱ्याचं घर धड सांभाळता आलं नाही म्हणून. आता फळाही धड पुसता आला नाही, हे त्यांना मिळू द्यायचं नव्हतं. आणि दुसरं कारण याहून वाईट आहे. मला गर्व होता. सहा महिने रोज तुमचा फळा वाचून मी घरी जुन्या वहीत तुमचं अक्षर गिरवायचे. तुमचा तो पोट फुगलेला 'व', तुमचा लांब शेपटीचा 'द'. मला वाटलं, मला पाठ आहे, मी तुमच्यासारखंच लिहीन, कुणाला कळणारही नाही. लिहिलं. कुणाला कळलं नाही. डॅन्यूब कॅस्पियनला गेली आणि व्होल्गा काळ्या समुद्राला.

त्या वेळी रवी मालाची गाडी चालवायला लागला होता, सकाळीच माल भरायला जायचा. त्याच्याजवळ पुस्तक नव्हतं की क्लास नव्हता. जाता जाता विहारात थांबून तुमचा फळा वहीत उतरवायचा, एवढाच त्याचा अभ्यास. त्या दिवशीही उतरवला. चौथ्या दिवशी परीक्षा होती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तुम्ही ते एका बाजूने पाहिलंत आणि मी दुसऱ्या. निकालानंतरच्या रविवारी वंदना झाल्यावर रवी उठला आणि सगळ्यांसमोर त्याने ती वही तुमच्या अंगावर फेकली. "सातवी शिकलेल्या मानसानं फळा कायले लिहावं? वयात बसाचं हे माह्यं शेवटचं वर्ष होतं," असं म्हणाला. वही तुमच्या छातीला लागून खाली पडली. तुम्ही ती उचलली, उघडली, वाचली. मग एकदा बायकांच्या बाजूला पाहिलंत. मी खाली मान घातली. तुम्ही वही मिटून रवीच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "चुकलं बाप्पा. माह्यं चुकलं."

मी तिथे बसले होते, तुमच्यापासून दहा हातांवर. मला फक्त उभं राहायचं होतं. मी उभी राहिले नाही. रवी संतापात होता. त्याला कळलं असतं तर त्याने मला घराबाहेर काढलं असतं, आणि मला जायला दुसरं घर नव्हतं. हे कारण खरं आहे. पण ते पहिल्या दिवसाचं कारण आहे, तीन वर्षांचं नाही. पुढच्या तीन वर्षांचं कारण माझ्याजवळ नाही.

तुम्ही दुसऱ्या दिवशी खडूचा डबा कपाटात ठेवलात. महिनाभराने ब्रश आणि डबे घेऊन पांढरकवड्याला गेलात. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला लाज वाटली.

मी माफी मागत नाही. एवढ्या उशिरा मागायला मला तोंड नाही. फक्त तुम्हाला कळावं की तुमच्या हातून चूक झाली नव्हती. तुम्ही इतकी वर्षं स्वतःला चुकीचं समजत असाल, हेच मला सोसवेना.

ममता


आर्णी
रविवार, ७ डिसेंबर २०२५

नागोराव काका,

जय भीम. तुमचं पोस्टकार्ड मंगळवारी आलं. दुकानात गर्दी होती. मी ते मशीनच्या झाकणावर ठेवून वाचलं आणि एका पोरीच्या जातीच्या दाखल्याच्या अकरा प्रती काढल्या. तिला दोन हव्या होत्या.

तुमचा मजकूर इथे उतरवून काढते, म्हणजे मी चुकीचं वाचलं असेल तर तुम्ही सांगाल. या बाबतीत आता माझा माझ्यावर भरवसा नाही.

'चि. ममता, पत्रे पोचली. मला त्याच वेळी समजले होते. मी अक्षरे आधी लिहितो आणि वरची रेघ शेवटी एका दमात ओढतो. दुसऱ्या दिवशी फळा पुसताना दोन ओळींवर शब्दागणिक तुटक रेघा दिसल्या. समजलो, तुझ्या हातून पुसले गेले आणि तू पुन्हा लिहिलेस. अक्षर फार चांगले होते. मी अक्षरच पाहत राहिलो, मजकूर वाचला नाही आणि पुसून टाकला. वाचला असता तर रवीला वेळेत सांगता आले असते. म्हणून चूक माझी, हे मी खोटे बोललो नव्हतो. आता रवीला काही सांगू नको. तुझे घर राहू दे. नागोराव.'

असं आहे का, काका? म्हणजे बायकांच्या बाजूला तुम्ही पाहिलंत ते मला शोधत होतात. आणि शोधून, मान खाली घातलेली पाहून, तुम्ही मला तिथेच सोडून दिलंत.

मी हे कार्ड किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तुम्ही फळ्यावर जगभरची मोठी माणसं लिहिलीत. तुरुंगात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस लिहिलात, तराफ्यावर माल लादून मिसिसिपीतून न्यू ऑर्लिन्सपर्यंत गेलेला लिंकन लिहिलात. मी ते सगळं वाचलं आणि मला वाटायचं, अशी माणसं लांबच्या नद्यांवर असतात. आणि इथे अरुणावतीच्या काठावर एक पाट्या रंगवणारा माणूस एका पोरीचं छप्पर टिकावं म्हणून सगळ्या गावासमोर खाली पडलेली वही उचलतो, आपलं नाव घालवतो, आपलं गाव सोडतो आणि तीन वर्षं एक शब्द बोलत नाही. मी तुमच्याएवढं मोठं माणूस पाहिलेलं नाही. हे मी तुमची खुशामत म्हणून लिहीत नाही. मला याचा रागही येतो, तो पुढे लिहिते.

तुम्ही मला घर दिलंत, पण ते घर रवीचं होतं. तो मला रोज भाकरी वाढतो, माझ्यासाठी भांडतो, मागच्या वर्षी माझ्या नवऱ्याकडचे लोक आले तर दारात आडवा उभा राहिला. आणि तो तीन वर्षं एका चुकीच्या माणसाचा राग करत बसला आहे. पांढरकवड्याचं भाडं आलं तर गाडी नेत नाही. दुसऱ्याला सांगतो. तुमचं नाव कुणी काढलं की पाणी प्यायला उठतो. तो राग त्याला आतून खातो आहे, आणि त्याला तो मी दिलेला आहे. तुम्ही मला वाचवलंत तेव्हा रवी मधल्या मध्ये राहून गेला, काका. तुमच्यासारख्या हिशेबी लिहिणाऱ्याने ही एक ओळ सोडून दिली.

तुम्ही सांगू नको म्हणालात. आजवर तुमचं सगळं ऐकलं, हे ऐकणार नाही. काल सहा डिसेंबर होता. विहारात मेणबत्त्या लावून सगळे रांगेने पुढे जात होते. रवी माझ्यापुढे होता. मी त्याच्या पाठीकडे पाहत उभी होते आणि ठरवलं. पुढच्या रविवारी, चौदा तारखेला, वंदना झाल्यावर मी उठणार. ज्या जागी तुम्ही उभे होतात त्याच जागी उभी राहणार आणि सगळ्यांसमोर सांगणार. घरी एकट्या रवीला सांगून चालणार नाही. तुमचं नाव सगळ्यांसमोर गेलं होतं.

घर गेलं तर जाईल. दुकानाचे मालक चांगले आहेत, मागे एक खोली आहे, तिथे जुने कागद ठेवतात. कागद बाजूला सरकवले तर एक माणूस झोपू शकतं. हे मी पाहून ठेवलं आहे.

भीती वाटते. उगाच शूर असल्याचं कशाला सांगू.

ममता


आर्णी
शुक्रवार, १९ डिसेंबर २०२५

नागोराव काका,

जय भीम. सांगितलं.

रविवारी विहार भरलेला होता. वंदना संपली, पुंडलिकराव कापसाच्या वेचणीमुळे पुढच्या रविवारची वेळ बदलण्याबद्दल बोलत होते. मी उठले आणि म्हटलं, मला पाच मिनिटं बोलायचं आहे. पाठ करून गेले होते ते सगळं विसरले. जे लक्षात होतं ते बोलले. फडकं, दोन ओळी, टपरीची वीस पावलं, गर्व, खाली घातलेली मान. तुमचं पोस्टकार्ड वाचून दाखवलं. 'अक्षर फार चांगले होते' या वाक्याला माझा आवाज गेला, तेव्हा ते मानीबाईंनी माझ्या हातातून घेऊन पुढे वाचलं. मानीबाईंनी, काका. जिच्या तोंडाला घाबरून मी तुम्हाला हाक मारली नाही, तिने.

पुंडलिकरावांनी उपरण्याने चष्मा पुसला. मग म्हणाले, नागोरावची आपण सगळ्यांनी पाठ पाहिली, कुणी मागून हाकसुद्धा मारली नाही. तोवर रवी उठून बाहेर गेला होता.

मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. घरी आला, जेवला, झोपला. सोमवार गेला, मंगळवार गेला. आई माझ्याकडे पाहून रडायची आणि त्याच्याकडे पाहून गप्प व्हायची. तो सकाळी गाडी घेऊन जायचा आणि संध्याकाळी यायचा. माझ्याशी एक शब्द नाही. बुधवारी मी माझी बॅग भरली. चार साड्या, झेरॉक्सच्या दुकानातलं ओळखपत्र, गिरवायची जुनी वही. दाराजवळ ठेवून दिली आणि तो यायची वाट पाहत बसले. त्याच्या पाठीमागे निघून जायचं नव्हतं. पुरे झालं मागून काही करणं.

तो आला. बॅग पाहिली. उचलली. मला वाटलं, आता अंगणात जाते. त्याने ती आत नेली आणि कपाटावर होती तिथे ठेवून दिली. मग मोरीवर जाऊन हातपाय धुतले, आणि टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून माझ्यासमोर खाली बसला.

म्हणाला, "कोठी चालली होती?"

मी म्हटलं, तू म्हणशील तिथे.

"म्या कई म्हटलं?"

मी माफी मागायला लागले तर त्याने हाताने थांबवलं. आणि मग जे म्हणाला ते मी तुम्हाला जसंच्या तसं लिहून देते, कारण गेले दोन दिवस माझ्या कानात तेच चाललं आहे.

"तुह्यावाल्या दोन ओळी चुकून लिहिल्या गेल्या, ताई. म्या त्या मानसाच्या अंगावर वही फेकली. थे काही चुकून नाही फेकली."

मी म्हटलं, रवी, तुझी नोकरी गेली त्यात. तो म्हणाला, गेली. एक मार्क तुझा होता, बाकीचे जे चुकले ते माझेच होते, ते मी तीन वर्षं कुणाला सांगितले नाहीत. कारण पेंटरकाकांवर राग धरून बसणं सोपं होतं. काका, हे त्याचं मला माहीतच नव्हतं. मी समजत होते की या घरात लपवून ठेवणारी मी एकटीच आहे.

मग आई, मी आणि तो, तिघं जेवलो. तुमच्याबद्दल बोललो. त्याला फळे तारखेसकट आठवतात. मंडेलांचे अकरा दिवस त्याला माझ्याहून नीट आठवत होते. म्हणाला, पोलिसात लागलो नाही तर नाही, पण जगात आपण एकटेच नदीचं खालच्या अंगाचं पाणी प्यालेलो नाही, एवढं तरी काकांमुळे कळलं. रवी असं बोलतो हे मला ठाऊक नव्हतं. त्याने आजवर माझ्याशी डिझेल आणि रस्ते यांच्याशिवाय फारसं काही बोललेलं नाही.

काल त्याने भाडं घेतलं नाही. गाडी धुतली. आतला भुसा, सरकीचे दाणे, सगळं झाडून काढलं आणि हौद्यात नवी ताडपत्री अंथरली. आईने विचारलं, कोठी जातं बाबू? तो म्हणाला, घाटंजीवरून पांढरकवड्याले.

मी म्हटलं, मीही येते. तर म्हणाला, नाही, तुझी माफी तू नंतर माग, माझी मला मागू दे, दोघं गेलो तर तू बोलशील आणि मी ऐकत उभा राहीन. ते खरं आहे. मग त्याने मला हे पत्र लिहायला सांगितलं, कारण दारात उभं राहिल्यावर आपल्या तोंडून शब्द निघणार नाही, अशी त्याला खात्री आहे. मी विचारलं, काकांनी नाही म्हटलं तर? तो गाडीचा आरसा पुसत होता. म्हणाला, "त उद्या जाईन. मंग परवा."

तेव्हा या पाकिटावर तिकीट का नाही, ते तुमच्या लक्षात आलं असेल. पत्र अर्पिताताईंच्या हातात देऊन तो बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला असेल. पांढरा शर्ट घातला आहे, आईने इस्त्री करून दिला. तुम्ही बोलावल्याशिवाय तो उंबरठा ओलांडणार नाही, आणि तुम्ही बोलावलं नाही तर अंधार पडेपर्यंत तिथून हलणारही नाही. सकाळपासून त्याने काही खाल्लेलं नाही.

यायचं की नाही, फळा लिहायचा की नाही, मला माफ करायचं की नाही, हे सगळं तुम्ही सावकाश ठरवा. गाडी सोमवारपर्यंत रिकामी आहे.

त्याला आधी आत घ्या.

ममता